राणीचा पेला आणि आत्याची शेड

आतोबा गेले त्या हिवाळ्यात लीड्समध्ये अशी थंडी पडली, की कपातल्या चहाची ओठांपर्यंत येईतो कुल्फी व्हायची. खोटं वाटत असेल त्यानं येऊन पिऊन दाखवावा. अशा थंडीत माझी आत्या रोज बागेतल्या शेडमध्ये जाऊन बसायची, कारण आतोबांच्या अस्थींचा डबा तिथे होता. अस्थी घरात आणायच्या नाहीत हा तिचा नेम, आणि विसर्जनाला द्यायच्या नाहीत हा हट्ट. पेंग्विननंसुद्धा मफलर मागितला असता अशा त्या शेडमध्ये, लॉनमोअरशेजारी बसून ती डब्याला गल्लीतल्या बातम्या सांगायची. खोकला असा लागला होता, की शेजाऱ्यांच्या खिडक्या हलायच्या.

"आत्या, अशानं तूही जाशील."

"मग दोन डबे ठेव."

शेवटी हवापालट म्हणून मी तिला एडिनबराला नेलं. तिथल्या एका लायब्ररीत जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन होतं. काचेखाली पाचेकशे वर्षांपूर्वीचं एक पुस्तक उघडं ठेवलेलं. लाकडी ठशानं छापलेलं चित्र, वर कुणीतरी हातानं भरलेला रंग, तोही रेषेबाहेर गेलेला. सिंहासनावर एक प्राचीन राणी, हातात पेला, आणि दरबारी त्यात काहीतरी ओततोय. शेजारचं कार्ड वाचून मी सांगितलं, की नवरा गेल्यावर हिनं त्याची राख पेयात घालून पिऊन टाकली आणि त्याच्यासाठी जगात नाही असं थडगं बांधलं.

आत्या काचेला नाक लावून उभी राहिली. आता रडते, असं मला वाटलं. गार्डलाही वाटलं असावं, तो टिश्यू घेऊन निघालासुद्धा.

"बाईनं तोंड वाकडं नाही केलं बघ," आत्या म्हणाली. "पण मग थडग्यात काय ठेवलं?"

"म्हणजे?"

"अरे, तो तर हिच्या पोटात! एवढा महाल बांधला तो रिकामाच की. खुळी कुठली." मग हळूच म्हणाली, "त्याला बाहेर ठेववलं नाही रे तिला."

परतीच्या ट्रेनमध्ये तिनं तिकीट तपासनिसाला दोनदा बोलावून गाडी जरा जोरात हाकायला सांगितलं. ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासात असं घडलेलं नाही.

घरी पोचल्यावर ती कोटही न काढता थेट शेडकडे गेली. मी ब्लँकेट घेऊन मागोमाग पळालो, तर ती डबा कोटाच्या आत धरून बाहेर येत होती.

"बघतोस काय? दार धर."

स्वयंपाकघरात आतोबांच्या खुर्चीवर तिनं डबा ठेवला आणि हीटिंग लावलं.

"घरात आणायचं नसतं, माहितीये मला," ती डब्याला म्हणाली. "तुम्ही गप बसा. बाहेर फार गार आहे हो."