पाचवं घर, तळमजला सोडून

बावीस वर्षं उंच इमारतींमधली घरं विकली म्हणून सगळे त्यांना 'लिफ्टवाले' म्हणत. गिऱ्हाइकाला अकराव्या मजल्यावर न्यायचं, खिडकी धाडकन उघडायची आणि "वारा बघा!" म्हणायचं, एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार उभा होता. मग महासाथ आली. लिफ्टचं बटण लोक कोपराने दाबू लागले. घरात कोंडून पडलेल्या प्रत्येकाला स्वतःचं दार, चार पावलांचं अंगण आणि ऑफिसच्या कामाला एक जादा खोली हवी झाली. वाऱ्याला कुणी विचारेना. बैठ्या घराला कर्ज म्हटलं की नाक मुरडणाऱ्या बँकाही आता स्वतःहून फोन करत होत्या.

लिफ्टवाल्यांच्या हातून मात्र चार महिन्यांत एकही घर विकलं गेलं नव्हतं. एजन्सीच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "बैठ्या ओळीतलं पाचवं घर. आज घराची किंमत ठरवणारे बँकेचे मूल्यांकनवाले फोनवरूनच बघतील, घेणाऱ्या बाईही कॉलवर असतील. पाचला फाईल बंद होते. हे हातचं गेलं, तर उद्यापासून येऊ नका."

लिफ्टवाले साडेचारला पोचले. एकसारखी आठ दारं. त्यांनी बावीस वर्षांच्या सवयीने मोजलं: तळ, पहिला, दुसरा... आणि पाचवं म्हणून सहाव्याच दाराची बेल वाजवली.

हनुवटीवर मास्क लटकवलेल्या आजोबांनी दार उघडलं. "आलात एकदाचे! या, या."

एवढं स्वागत म्हटल्यावर लिफ्टवाले खुशीत आले. स्वयंपाकघर, जादा खोली, सगळं त्यांनी फोनवर दाखवलं. आजोबा पुढे पुढे करत होते. "ही वायर बघा. आणि हा डबा. याचा लाल दिवा काही जात नाही."

"वायरिंग उत्तम," लिफ्टवाल्यांनी फोनला सांगितलं.

"उत्तम कसलं? सूनबाई सकाळपासून खोळंबल्यात. इंटरनेट कधी सुरू करताय?"

फोनमधून मूल्यांकनवाल्यांचा आवाज आला, "अहो, हे घर कुणाचं?"

लिफ्टवाल्यांनी बाहेर येऊन दारं पुन्हा मोजली, हे तर सहावं! पाचला सात मिनिटं होती. ते धावत शेजारी गेले. तिथले मालक दारातच ताटकळत उभे होते. पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा जादा खोली, सगळं धापा टाकत. मूल्यांकनवाले हसू दाबत म्हणाले, "बघितलं. कर्जाला हरकत नाही. पण बाईंचा होकार हवा."

बाईंनी विचारलं, "इथून काय दिसतं हो?"

लिफ्टवाल्यांनी सवयीने खिडकी धाडकन उघडली. समोर हातभर अंतरावर कुंपणाची भिंत, आणि भिंतीवरून डोकावणारे आजोबा. लिफ्टवाल्यांना रडू यायचं बाकी होतं. आता खोटं तरी काय बोलणार?

"बाई, दिसत काहीच नाही. फक्त शेजारी दिसतात."

मग बाई हळूच म्हणाल्या, "वर्ष झालं, चौदाव्या मजल्यावरून मला माणसाचं तोंड दिसलेलं नाही. घेतलं आम्ही हे घर."

लिफ्टवाल्यांनी मास्कच्या टोकाने डोळे पुसले.

"ते सगळं ठीक आहे," आजोबा भिंतीवरून ओरडले, "पण माझा लाल दिवा?"