वेगवान गाडीचे थांबे

नव्वदच्या दशकात आमच्या सणसरला रेल्वे नव्हती, पण रेल्वेसमिती होती. अध्यक्ष माझे सासरे. ऊस कारखान्याला गेला की मंडळी मोकळी व्हायची आणि आमच्या ओसरीवर बसून देशाची रेल्वे मार्गी लावायची. चहा मी करायचे.

समितीत दोन तट होते. एकाला पुण्यापर्यंत नवीकोरी वेगवान रेल्वे हवी होती. ती भावकीच्या रानातून जावी, स्टेशन मात्र आपल्या दारात यावं, आणि बारामती-दौंडची जुनी गाडी भंगारात काढावी. दुसरा तट म्हणायचा, जुनीच सुधारा, मधले फालतू थांबे उडवा.

त्यातला एक फालतू थांबा माझ्या आईचा होता. मी बाहेरून बी.ए. करत होते आणि दर शनिवारी तासांना बारामतीहून त्याच जुन्या गाडीनं दौंडला जायचे. दिवाळीशिवाय माहेरी पाठवत नसत, पण गाडी माहेरच्या स्टेशनात जरा वेळ थांबायची. आई डबा घेऊन खिडकीशी यायची. डबा द्यायचा, हात धरायचा, बस्स. नवी रेल्वे आईच्या गावावरून जाणार नव्हती आणि सुधारलेली जुनी तिथं थांबणार नव्हती. मला दोन्ही तटांचा सारखाच राग यायचा. तो मी चहात साखर कमी टाकून काढायचे.

एका शनिवारी समिती दौंडला रेल्वेच्या साहेबांना भेटायला निघाली. जीप कुणाची न्यायची यावर पंधरा दिवस आधीच भांडण झालं होतं, म्हणून सगळे माझ्याच रेल्वेत बसले. आईला मी मागच्याच शनिवारी सांगून ठेवलं होतं. ती शेंगदाण्याच्या पोळ्यांचा भलाथोरला डबा घेऊन उभी होती.

"व्याही हाय तुमी. तसंच कसं जाऊ देऊ?"

मानपान चालला असताना गार्डनं शिट्टी फुंकली. मामंजी खिडकीतून ओरडले, "थांब की जरा! एवढी काय घाई हाय?"

पोळ्या फस्त झाल्या. आमच्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत. त्यामुळं दौंडला उतरल्यावर समिती आधी पेढ्यांच्या दुकानात शिरली. कुठले पेढे घ्यायचे यावर पुन्हा दोन तट पडले. तोवर साहेब निघून गेले होते.

परतीला आईच्या हातात पेढ्यांचा डबा देऊन मामंजी समाधानानं बसले. म्हणाले, "येगवान गाडी पायजेच. पर विहीणबाईंच्या हितं थांबली पायजे."

"मग माझ्या सासुरवाडीला का न्हाय, तात्या?" एकानं विचारलं. दुसऱ्याला मामाचं गाव आठवलं. तिसऱ्यानं लेक सुप्याला दिली होती, त्यानं रूळच तिकडं वळवायला सांगितले. बारामती येईपर्यंत वेगवान गाडी सगळीकडं थांबू लागली होती, आणि समितीत पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

पुढच्या शनिवारी मी आईला हे सांगितलं. ती हसली.

"म्हंजी हीच गाडी की गं! तुझ्या मामंजींना म्हणावं, कुठं पळवायची तितं पळवा. हितं मातुर जरा जास्त येळ थांबवा."

शिट्टी झाली. तिनं माझा हात सोडला नाही, ती गाडीबरोबर चालू लागली. आणि गाडी इतकी हळू होती, की फलाट संपेपर्यंत तिला तो सोडावा लागला नाही.