लटारूचा पाटा

लटारू मोहुर्ले एकवेळ रानातल्या अस्वलावर भरवसा ठेवील, पण आलापल्लीच्या ऑटोस्टँडवरच्या माणसावर ठेवणार नाही, असं त्याची बायको रंभा चारचौघांत सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. घरून निघताना हा पेट्रोलच्या झाकणाला काळा दोरा बांधायचा आणि परतल्यावर गाठ तपासायचा. कुणी सहज "जेवन झालं का लटारूभाऊ?" म्हटलं, की "झालं" म्हणता म्हणता विचार करायचा, यानं काऊन विचारलं असेल?

त्याला कारणही होतं म्हणा. सात वर्षांपूर्वी चौकात एक बाबू वही घेऊन आला होता. "फक्त नोंद करून राह्यलो," म्हणत त्याने सगळ्यांची नावं आणि गाडीचे नंबर लिहून नेले. पंधरा दिवसांनी ज्यांचे कागद जुने झाले होते त्यांच्या घरी दंडाच्या पावत्या आल्या. लटारूचं परमिट दोनच महिन्यांपूर्वी संपलेलं होतं. ते नवं करायला त्याला गडचिरोलीच्या चार चकरा पडल्या. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं होतं, आपलं नाव कागदावर गेलं की तो कागद आपल्यामागे येते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. लटारू तर पाणीसुद्धा फुंकायला लागला होता.

तरीही स्टँड मुळात त्याचंच. बावीस वर्षांपूर्वी त्या चौकात पहिला ऑटो त्याने लावला. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक तेव्हा या रस्त्याला नव्हते. भामरागडची बस यायची, सिरोंच्याची यायची आणि कडुलिंबाखाली ऐसपैस जागा असायची. पुढे ऑटो वाढले, भांडणं वाढली. सवारी सोडून परत यावं तर आपल्या जागी दुसराच उभा. मग लटारूने घरून रंभाचा कोपरा उडालेला पाटा आणला, त्यावर चुन्याने "१" काढला आणि जागेवर ठेवून दिला. गाडी गेली तरी दगड जागा धरून राहील. दुसरा दगड पोचूचा. पोचू तेव्हा नवा होता, तरणाताठा होता, आणि त्याचा "२" लटारूनेच काढून दिला. असे होता होता बारा दगड झाले. दर दसऱ्याला गाड्यांना हार घालण्याआधी लटारू डबाभर चुना घेऊन बसायचा आणि बाराही आकडे पुन्हा उजळायचा. पहिली जागा बसच्या दाराशी होती. तिथे उतरणारी सवारी आधी लटारूलाच दिसायची, आणि त्याचं घर त्याच जागेवर चाललं होतं.

गेल्या वर्षी स्टँडमागे गुणवंतरावांचं दुकानांचं संकुल उभं राहिलं. दुकानांसमोर ऑटो उभे राहतात, गिऱ्हाइकाला शिरायला जागा नाही, म्हणून गुणवंतरावांनी कोर्टात दावा लावला. ऑटोवाल्यांच्या बाजूने धनराज धावपळ करत होता. धनराज संघटनेचा सचिव, बोलायला गोड, पांढऱ्या शर्टाचा. लटारूला पांढऱ्या शर्टाचा ऑटोवालाच मुळी पटत नव्हता.

त्याच दिवसांत पाट्याचं प्रकरण सुरू झालं. रोज सकाळी लटारू येऊन पाहायचा तर त्याचा पाटा वीतभर नालीकडे सरकलेला. एक दिवस ठीक, दोन दिवस ठीक. आठवडाभर तेच चाललं तेव्हा त्याने पाट्याभोवती खडूने रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाटा सरकलेला आणि रेघही गायब. म्हणजे करणारा हुशार होता. लटारूने शेजारचा दगड पाहिला. पोचूचा "२" आपल्या जागी निवांत बसला होता.

"पोचू, तू लवकर येतं काऊन रे आजकाल?" त्याने विचारलं.

"सिरोंच्याची गाडी लवकर येते न भाऊ."

सिरोंच्याची गाडी लवकर येते हे खरं होतं. पण पोचूने उत्तर फार पटकन दिलं, असं लटारूला वाटलं. ज्याला आपण आकडा काढून दिला तोच आपल्याला नालीत ढकलतोय, या विचाराने त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही.

त्यातच सोमवारी धनराज स्टँडवर आला. "बुधवारी कोर्टाचा कमिशनर येनार हाय," त्याने सांगितलं. "म्हंजे कोर्टानं पाठवलेला वकील. जागा मोजन, पंचनामा करन. सवारी असन तं जा, पन दगड जाग्यावर ठेवा. एकेका दगडामागं एकेक नाव लिहून घेनार हाय. अन् परमिटचं झेरॉक्स मह्याजवळ द्या."

नाव, परमिट आणि झेरॉक्स. लटारूच्या कानात सात वर्षांपूर्वीचा बाबू बोलायला लागला. "झेरॉक्स कायले पायजे तुले?" तो म्हणाला.

"मले नाई भाऊ, कोर्टाले."

मंगळवारी दुपारी लटारू सवारी सोडून येत होता, तर धनराज गुणवंतरावांच्या दुकानात बसलेला. समोर चहा आणि बिस्किटं. गुणवंतराव हसून त्याच्या पाठीवर थाप मारत होते. ज्याने आपल्यावर दावा लावला त्याच्या घरची बिस्किटं हा खातो! लटारूने गाडीचा वेग कमी केला, डोळे भरून पाहिलं आणि सगळा हिशेब त्याच्या डोक्यात जुळून आला. पाटा सरकवतो पोचू, कागद गोळा करतो धनराज आणि पैसा सोडतो गुणवंतराव. पहिली जागा रिकामी करायची, हाच डाव.

संध्याकाळी त्याने पाटा उचलला आणि ऑटोत घातला. घरी आणून दाराआड ठेवला.

"बावीस वर्सानं महा पाटा घरी आला," रंभा म्हणाली. "काऊन आनला पन?"

"उद्या तिथं महं नाव कोनी लिहाचं नाई. ना दगड, ना गाडी, ना कागद. हवेत दावा लावू दे म्हना."

"धनराजले इचारलं का तुम्ही, तो तिथं कायले बसला होता म्हून?"

"चोराले कोनी इचारते का, चोरी केली का म्हून?"

बुधवारी तो मुद्दाम एटापल्लीची लांबची सवारी घेऊन गेला. ट्रकांच्या धुळीत तोंड लाल करून दिवस मावळताना परतला, तेव्हा चौकात धनराज त्याची वाट पाहत होता.

"कुठी गेल्ते भाऊ? किती फोन लावले! कमिशनरनं अकरा दगड मोजले. मी सांगतलं, बारावा हाय, पयला तोच हाय. तो म्हने, दाखव. काय दाखवू?"

लटारूने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. रडवेला झाला होता धनराज. नाटक बरं करते, असं लटारू मनात म्हणाला आणि घरी गेला.

दोन महिन्यांनी लोकअदालतीत तडजोड झाली. गुणवंतराव दावा सोडायला तयार झाले होते. त्या मंगळवारची चहा-बिस्किटं त्याचसाठी होती. आठ चकरा मारून धनराजने त्यांना कबूल करवलं होतं, की पंचनाम्यात जितके दगड तितक्या गाड्या कायमच्या उभ्या राहतील. अकरा ऑटोवाल्यांनी सह्या केल्या. अकरा नावं आणि अकरा परमिट नंबर कागदावर चढले. चौकात पांढरे पट्टे मारले गेले आणि बसच्या दाराशी पहिला पट्टा पोचूला मिळाला. लोकअदालतीच्या निकालावर अपील नसतं, हे लटारूला एका वकिलाने दोनदा समजावून सांगितलं. जो कागद मागे येईल म्हणून तो पळाला, त्याच कागदात त्याचं नाव असायला हवं होतं. त्याचं परमिट खरं होतं, चालू होतं, खिशात होतं. ते घेऊन उभं राहायला जागा तेवढी नव्हती.

आता तो चौकापुढच्या पुलाच्या पलीकडे, भर उन्हात उभा राहायचा. बसमधून उतरलेली सवारी तिथवर पोचेपर्यंत अकरा जणांनी उचललेली असायची.

एक दिवस झोप लागेना म्हणून तो उजाडतानाच चौकात गेला. चहावाली कलाबाई टपरी उघडायच्या आधी कडुलिंबाखालचा पाला झाडत होती. तिने एकेक दगड उचलला, खालची जागा झाडली, पाणी शिंपडलं आणि दगड परत ठेवला. लटारू पाहतच राहिला.

"बाई, रोज तूच करतं का हे?"

"मंग कोन करन? तुमी लोक तं नुस्ता पाला तुडवता."

"महा पाटा नालीकडं कोन सरकवे?"

"मीच. जड लय होता तो. या वर्सी उचलला का कंबर धरे, म्हून पायानं ढकलावा लागे." तिने झाडू थांबवला. "काऊन? राग आल्ता का? मंग इचारलं काऊन नाई मले? दिसातून चार चहा पेत होते मह्याकडं."

खडूची रेघही हिच्याच पाण्याने गेली होती. एवढी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

तेवढ्यात पोचू आला. त्याने पहिल्या पट्ट्यात गाडी लावली, खाली उतरला आणि लटारूजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, दुपारी बारानंतर मी घरी जातो. तेवढा येळ तुम्ही लावा इथं. पुलिसाशी बोललो हाय मी."

लटारूच्या ओठावर आलंच होतं, काऊन? याला काय पाहिजे? पण कलाबाई झाडू घेऊन समोर उभी होती. "बरं," तो म्हणाला.

"अन् तुमचा पाटा आना. मह्या दगडाजवळ ठेवा. कागदावर गाड्या अकरा हाय, दगडाचं काही लिहिलं नाई."

लटारू घरी गेला. पाटा दाराआड नव्हता. तो चुलीजवळ होता, आणि रंभा त्यावर मिरची वाटत होती. इतके महिने रोज वाटून, रोज धुऊन "१" पार निघून गेला होता. चुन्याचा डबा कोनाड्यात होता. लटारूने तो उघडला, वाळलेल्या चुन्याकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केला.

"मिरची झाली का सांग," तो म्हणाला. "पाटा न्याचा हाय."