नाहीताई आणि दुपारी बंद पडणारी पेटी

कारखान्यात त्यांना नाहीताई म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना राग यायचा नाही. फोन उचलला की त्या स्वतःच म्हणायच्या, "हां, नाहीताई बोलतेय, बोला."

नाव उगाच पडलं नव्हतं. कारखाना पाणीपुरवठ्याच्या पेट्या बनवायचा. पेटी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. टाकीत पाणी किती चढलंय ते बघायचं, पाण्यात क्लोरीन किती आहे ते मोजायचं, कमी वाटलं तर आणखी सोडायचं, एवढंच तिचं काम. पण सगळं शहर ते पाणी पितं, म्हणून काम लहान नाही. या कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यात खाली एक कारभारी बसलेला असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कोणाला किती जागा द्यायची, कोणाला आत घ्यायचं, कोणाला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं, सगळं त्याच्या हातात. आणि हा कारभारी कामावर ठेवण्याआधी माणसाला प्रश्न विचारून विचारून बेजार करतो. हे हवं का? ते हवं का? हजारो प्रश्न. बाकीचे लोक कंटाळून एंटर दाबत सुटतात. नाहीताई प्रत्येक प्रश्नाखालची बारीक अक्षरातली टीप वाचत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "नाही."

"ब्लूटूथ? पाण्याला गाणी ऐकवायचीत का? नाही."

"कॅमेरा? टाकीचं लग्न आहे का कुठे? नाही."

नको ते सगळं त्या छाटून टाकत. जे कोणाला लागत नाही, त्यातूनच परका माणूस आत शिरतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उलट पहारा ठेवणाऱ्या गोष्टींना त्या न चुकता "हो" म्हणत. एकाच्या जागेत दुसऱ्यानं हातपाय पसरले तर तिथल्या तिथे धरायचं का? हो. गडबड दिसली तर चालत राहण्यापेक्षा थांबायचं का? हो, आणि दहा सेकंदांनी आपलं आपण उठायचं.

हे सगळं त्या एका दोनशे पानी वहीत लिहीत. तीन रकाने. प्रश्न, उत्तर आणि तिसरा रकाना त्यांच्याच डोक्यातून निघालेला: त्रास कोणाला. 'पेनड्राइव्ह बंद. त्रास: आकडे उतरवून नेणाऱ्या दोघी मुलींना.' मग त्या दोघींसाठी वेगळी केबल बनवून, स्वतः नेऊन देऊन, ती कशी लावायची ते दाखवूनच त्यांनी त्या ओळीवर बरोबरची खूण केली होती.

त्या काही इंजिनिअर नव्हत्या. एकोणिसाव्या वर्षी या कारखान्यात तारा सोल्डर करायला लागल्या. हात असा स्थिर की मुकादम नव्या पोरींना त्यांच्या पाठीशी उभं करून "हे बघा" म्हणायचा. मग तपासणीच्या टेबलावर आल्या. पस्तिशीत असताना कर्नेलचं काम बघणारा इंजिनिअर नोकरी सोडून गेला, आणि त्याच्या जागी माणूस मिळेपर्यंत म्हणून त्यांनी त्याची पुस्तकं घरी नेली. तो माणूस मिळेपर्यंत ह्यांचंच शिकून झालं. नवरा शिंपी. घरातल्या मोठ्या टेबलाच्या एका टोकाला तो कापड कापायचा, दुसऱ्या टोकाला या शब्दकोश उघडून बसायच्या.

"तुझं नि माझं काम एकच," तो म्हणायचा. "नको ते कापायचं."

"हो, पण तुमचं चुकलं तर एकाचीच पँट आखूड होते."

आठ महिने खपून त्यांनी नव्या कर्नेलची यादी पुरी केली. शहरभरच्या बेचाळीस पेट्यांवर तो चढायचा होता. आधी तीन ठिकाणी लावून बघितला. दोन ठिकाणी सुतासारखा सरळ चालला. तिसरी होती टेकडीवरची टाकी. तिथली पेटी रोज दुपारी दोनच्या सुमारास मान टाकायची, दहा सेकंदांनी उठायची, लगेच पुन्हा मान टाकायची. तासभर हा खेळ. तीनच्या आसपास शहाण्यासारखी चालायला लागायची. तेवढा वेळ तिथला ऑपरेटर हातानं क्लोरीन सोडायचा आणि फोनवर शिव्या घालायचा.

साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हे. पूर्वी स्वतः प्रोग्रॅम लिहायचे, पेटीचा पहिला प्रोग्रॅम त्यांच्याच हातचा. आता दिवसभर मीटिंगा करून करून आवाज बसलेला.

"ताई, तुमची यादी चांगली आहे हो. पण पेटीच बंद पडली तर लोकांनी काय यादी प्यायची?"

"पेटी बंद पडत नाही, साहेब. काहीतरी धरतेय ती."

"काय धरतेय?"

"तेच शोधतेय."

"जुन्या कर्नेलवर हीच पेटी सात वर्षं चालली. एकदा बंद पडली नाही."

"बंद पडली नाही म्हणजे बरी होती असं नाही ना."

"मग आजार दाखवा मला. शुक्रवारपर्यंत. नाही दाखवलात तर त्या पहारा देणाऱ्या तपासण्या काढून टाकायच्या. एका पेटीतून नव्हे, बेचाळीसही पेट्यांतून. मला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात रोज तोंड दाखवायचं असतं."

आजार दाखवता येत नव्हता, आणि त्याला कारण ताई स्वतः होत्या. कर्नेल असा दगावतो तेव्हा मरता मरता सांगून जातो, मला अमुक ठिकाणी दुखलं. ते शेवटचे शब्द पुन्हा उठल्यावरही जपून ठेवायची सोय असते. ती हवी का, हाही प्रश्न यादीत होताच. त्या शब्दांत आतल्या खोल्यांचे पत्ते असतात, परक्याच्या हाती पडले तर तो सरळ आत येईल, म्हणून ताईंनी तिथेही ठणकावून "नाही" म्हटलं होतं. त्यामुळे पेटी रोज मुकी मरत होती. त्यांनी वही उघडली. त्या ओळीच्या तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'त्रास: कोणालाच नाही.' ताईंनी ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'मला.'

गुरुवारी सकाळी लॅपटॉप आणि एक लांब केबल पिशवीत घालून त्या बसनं टेकडीवर गेल्या. पेटी मरताना जे पुटपुटते ते केबलीतून त्याच क्षणी ऐकता येतं. त्यासाठी मरणाच्या वेळी उशाशी बसावं लागतं, एवढंच.

ऑपरेटरला सगळे टाकीदादा म्हणत. साठीला टेकलेला, हाडकुळा, बोलण्यात तिखट.

"तुम्हीच का त्या नाहीताई? माझी दुपारची झोप घालवलीत तुम्ही."

"ड्यूटीवर झोप?"

"डोळे मिटून विचार करतो मी."

टाकीच्या पायथ्याशी त्यांची खोली. एक बाकडं, एक लोखंडी कपाट, कोपऱ्यात थेट टाकीतून येणारा नळ. खिडकीत काचेची नळी आणि औषधाची बाटली. नळीत पाणी घेऊन थेंबभर औषध टाकलं की पाणी पिवळं होतं. जितकं क्लोरीन जास्त, तितकं गडद. भिंतीवर पेटी. ताई केबल जोडायला गेल्या आणि थबकल्या. बाकी ठिकाणी पेटीच्या बटणावर धूळ असते, कारण त्याला कोणी हात लावायचा नसतो. इथलं बटण मात्र चकचकीत. भोवतालचा रंग बोट लागून लागून उडालेला.

"दादा, हे बटण इतकं कशानं झिजलं?"

टाकीदादांनी उगाचच कपाटाचं दार उघडलं, लावलं.

"तुमचं हे नवीन चढवायच्या आधी रोज बंद-चालू करायचो," शेवटी ते म्हणाले. "तीन वाजून गेले की."

"कोणी सांगितलं करायला?"

"नाकानं." त्यांनी नळाकडे मान केली. "दुपारनंतर पाण्याला उग्र वास सुटायचा. नळीत बघावं तर पाणी गडद पिवळं. आणि ही बया म्हणायची, क्लोरीन कमी आहे. कमी आहे म्हणून आणखी ओतायची. बंद करून चालू केली की ताळ्यावर यायची. पण तीनच्या आत केलं तर उपयोग नाही. का, ते मला विचारू नका."

"वर कळवलं नाहीत?"

"दोनदा. म्हणाले, नाकावर कारभार चालत नाही. मग कळवणं सोडलं, बटण धरलं. आता तुमचं नवीन चढवल्यापासून मी हात लावायच्या आधीच ही आपली आपण बंद पडते. मला वाटलं, माझ्याकडूनच शिकली."

ताईंना हसू आलं, पण डोकं कामाला लागलं होतं.

"कधीपासून हा वास?"

"तीन वर्षं झाली. टाकी वाढवली तेव्हापासून."

"वाढवली?"

"वर सव्वा मीटरचं कडं बांधलं की. आधी साडेनऊ मीटरची होती."

ताई बाकड्यावरून उठल्या, पुन्हा बसल्या. "आणि दुपारी शहरातले नळ कमी चालतात, म्हणून टाकी..."

"काठोकाठ भरते. तीनला उतरायला लागते."

पावणेदोन झाले होते. दोघं लॅपटॉपसमोर बसले. पेटी पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये सांगते. नऊशे ब्याण्णव. टाकीदादांनी चहा ओतला, कोणी प्यायलं नाही. नऊशे सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नऊशे नव्व्याण्णववर आकडा जरा रेंगाळला. मग हजार झाला, आणि त्याच क्षणी पेटीचा दिवा विझला. पण या वेळी पडद्यावर दहा-बारा ओळी उमटल्या होत्या. ताईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

आजार सापडला. उंचीचा आकडा लिहायला प्रोग्रॅममध्ये चार घरं राखलेली होती: तीन आकडे आणि शेवटी, इथे संपलं असं सांगणारं एक शून्य. पाणी हजारावर गेलं की आकडे चार व्हायचे आणि ते शून्य शेजारच्या घरात जाऊन पडायचं. शेजारी होता क्लोरीनची मोजणी अचूक करणारा आकडा, जो पेटी चालू होताना एकदाच भरला जातो. तो एकदा बिघडला की पेटीला क्लोरीन कमीच दिसणार, टाकी उतरली तरी, बटण दाबेपर्यंत. जुन्या कर्नेलनं हे तीन वर्षं मुकाट चालू दिलं होतं. ताईंनी "हो" म्हटलेल्या तपासणीनं पहिल्याच दिवशी मनगट धरलं होतं.

"दादा," ताई म्हणाल्या, "तुमचं नाक बरोबर होतं. तीन वर्षं पेटी खोटं सांगत होती आणि तुम्ही खरं."

टाकीदादा खिडकीतली नळी उचलून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. मग म्हणाले, "लिहून द्याल?"

ताईंनी वहीतलं एक कोरं पान काढलं. झालं ते सगळं चार ओळींत लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली आणि पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानं दोनदा वाचलं आणि चौकोनी घडी करून खिशात ठेवलं.

शुक्रवारी ताईंनी साहेबांपुढे तो प्रोग्रॅम छापून ठेवला. चुकलेल्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. साहेब वाचता वाचता थांबले. त्या ओळीच्या वर, लिहिणाऱ्याच्या जागी, त्यांच्याच नावाची आद्याक्षरं होती.

दुसरं कोणी असतं तर हे आधी सगळ्या मजल्याला सांगून मग केबिनमध्ये आलं असतं. नाहीताईंनी ते घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"तेव्हा टाकी साडेनऊचीच होती, साहेब," त्या म्हणाल्या. "चार घरं पुरत होती. टाकी वाढवली ते आपल्याला कोणी कळवलंच नाही."

"त्या ऑपरेटरनं कळवलं होतं म्हणता ना?"

"वास येतो म्हणून कळवलं होतं. ते ऐकायला हवं होतं."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, कित्येक वर्षांनी तो प्रोग्रॅम उघडला आणि चारावर बोट ठेवून विचारलं, "आठ करू?"

"सोळा करा. लोक आणखी कडं बांधतील."

ओळ बदलून झाली. साहेब मागे रेलले. "आता मूळ दुखणंच गेलं. मग ती तपासणी काढली तर? यंत्र तेवढंच चपळ होईल."

"नाही."

"विचारलंच चुकून."

"आणि शेवटचे शब्द जपायची सोय आहे ना, तिला 'हो' करायचंय. वाचायची मुभा फक्त आपल्या टेबलाला."

साहेबांनी दार उघडून बाहेर हाक मारली, "अरे, ऐका रे सगळे, नाहीताई 'हो' म्हणाल्या!" बाहेर टाळ्या पडल्या. ताई लाजल्या, पण बधल्या नाहीत. शेवटचा निकाल मात्र टेकडीवर लागायचा होता. तिथे उद्या पेटी उभी राहिली तरच साहेब बेचाळीसांना हो म्हणणार होते.

शनिवारी दुपारी ताई सुधारलेला प्रोग्रॅम आणि नवा कर्नेल चढवून त्याच बाकड्यावर बसल्या. नऊशे नव्व्याण्णव. टाकीदादांनी चहाचा कप खाली ठेवला. हजार. दिवा हिरवाच. हजार एक. हजार चार. टाकीदादांनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकला, उजेडात धरलं. फिकट पिवळं. त्यांनी पेटीवरचा आकडा बघितला, पुन्हा नळी बघितली.

"जुळतंय," ते जरा नाराजीनंच म्हणाले. "मग आता मी दुपारी काय करायचं?"

"हेच. रोज. आणि जुळलं नाही तर थेट मला फोन."

ताईंनी साहेबांना फोन लावला. "टिकली," एवढंच म्हणाल्या. पलीकडून साहेबांनी विचारलं, मग सोमवारपासून बाकीच्या पेट्या घ्यायच्या ना?

"थांबा जरा. चढताना बघितलं, उतरताना बघू दे."

आणि पाणी हजारावरून पुन्हा नऊशे नव्व्याण्णववर येईपर्यंत, म्हणजे तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत, त्या तिथून हलल्या नाहीत. मग फोन उचलून म्हणाल्या, "घ्या. सगळ्या घ्या."