स्टँडवरची आंघोळ

आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यापासून दर रविवारी चर्चमधून आलो की आम्ही दोघं बादल्या, साबण आणि कात्री घेऊन स्टँडवर जातो. तिथे भ्रमिष्ट माणसं पडून असतात. त्यांना आंघोळ घालायची, नखं काढायची, धुतलेले कपडे घालायचे. पुरुषांचं हे करतात, बायकांचं मी. लोक लांबून हात जोडतात. पाणी ओतायला कुणी येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई संगमनेरच्या गाडीतून उतरली आणि कँटीनमागच्या भिंतीला बसून राहिली. नाव सांगत नव्हती. केसांच्या जटा, लुगडं मळानं कडक झालेलं. वास इतका की कुत्रंही जवळ जात नव्हतं. महिनाभर तिनं मला हात लावू दिला नाही. मग एकदा माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि गपचूप स्टँडवरच्या मोरीत आली. जटा कापल्या, अंग घासलं. मळाखाली तरणी बाई निघाली. लेकीची पोपटी साडी नेसवून बाहेर आणली.

हे म्हणाले, "अगं, ही तर आपल्या पोरीएवढी हाय."

मलाही बरं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी स्टँडवर पेरू विकणारी बाई दारात आली. "मावशी, तिला कशाला धुतली?"

"म्हंजे? घाणीत ठेवायची व्हय?"

"घाण हुती तवर कुनी जवळ येत न्हवतं. आता रातच्याला मानसं उठवून नेत्यात."

आम्ही तसेच गेलो. साडी फाटली होती. गाड्यांचं ऑइल गळून काळा झालेला चिखल ती गालाला, मानेला, केसांना चोळत होती. मला बघितल्यावर तिनं दगड उचलला.

पोलिसांनी विचारलं, तक्रार कोण देणार? ती तर बोलत नाही. महिलांच्या आश्रमात जागा नव्हती. तिला घरी आणली, तर दार बंद दिसताच भिंतीवर डोकं आपटायला लागली. दार उघडलं तशी परत स्टँडवर.

मग मी तिला पाणी लावलं नाही. भाकरी लांब ठेवते आणि मागे सरते.

आता तिच्या डोक्यात जखम झाली आहे. माशा बसतात. गेल्या रविवारी हे म्हणाले, "तेवढी जखम तरी धू. किडं पडत्याल."

"जखम धुवायची तर केस कापावं लागत्याल. मान, तोंड पुसावं लागंल. मग?"

मलम माझ्या हातात होतं. ती भाकरी खात होती आणि एका हातानं चिखल ओढून घेत होती. वास माझ्यापर्यंत येत होता. अजून येतोय, एवढं बघून मी बादली उचलली आणि पलीकडच्या म्हातारीकडे गेले.