अंगठ्याला बांधलेली दोरी

सुरगाण्याकडे रोजगार हमीच्या रस्त्यावर मजूर बायका खडी फोडायच्या आणि एक म्हातारी त्यांची तान्ही पोरं सांभाळायची. आंब्याला लुगड्यांच्या झोळ्या टांगायची, सगळ्यांच्या दोऱ्या पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पाय हलवत बसायची. मी नाशिकहून योजनेच्या पाहणीला जायचे. मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "हळू बोल बाई, निजलीत."

एकदा तिला विचारलं, "योजनेत काय सुधारायला हवं?"

"रस्ता थोडा लांबव. संपला का पोरं जातील ना."

अहवालातून साहेबांनी ते वाक्य काढलं. त्यांचंही बरोबरच असेल.

पुढे काम संपल्यावर त्याच रस्त्यानं जीपमधून जाताना ती आंब्याखाली दिसली. झोळ्या नव्हत्या, पाय मात्र हलत होता.

"हॉर्न वाजवू नका," मी ड्रायव्हरला म्हणाले.