वहिनीची लाखोळी

धान पिवळं पडून बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाऊल रुतेल एवढाच चिखल उरला, की वहिनी रात्रभर भिजवलेलं लाखोळीचं कडधान्य पदराच्या ओट्यात घेऊन उभ्या पिकात शिरायची. मुठीमुठीनं बी फेकत पुढं जायची. ते लोंब्यांमधून खाली चिखलात पडायचं. धान कापून नेईपर्यंत खाली लाखोळी उगवून आलेली असायची. तिला नांगर लागत नसे, बैल लागत नसत, वरचं पाणीही नाही. जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर ती वाढायची.

या पिकाकडे घरात कोणी बघत नसे, म्हणून ते वहिनीचं. उपटणं, झोडपणं, भरडणं सगळं तीच करायची आणि डाळीची पिशवी घेऊन उमरेडहून एसटीनं आपल्या आईकडे जायची. आई विधवा, एकटी राहायची. आमच्याकडे लेकीच्या सासरचं आईबाप खात नाहीत. त्या बाईंनी जावयाच्या धानाचा दाणा कधी घेतला नव्हता. लाखोळी मात्र घ्यायच्या. "जावयाचा नांगर नाही लागला त्याले," म्हणायच्या. "हे माह्या लेकीच्या हातचं हाय."

हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं लिहिता आलं असतं, तर मी ते आनंदानं लिहिलं असतं.

सत्तरच्या दशकात मी नागपूरला डिझेल इंजिनं विकणाऱ्या एका दुकानात होतो. प्रताप नगरात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. शेती थोरला भाऊ, दादा, पाहायचा. मी त्याच्या मागं लागलो. विहिरीवर इंजिन बसव, उन्हाळी धान घे, कापणीनंतर जमीन रिकामी पडून असते. रिकामी, असंच म्हणालो.

"आन् लाखोळी?" दादानं विचारलं.

"लाखोळीनं पाय जातात, दादा. शहरात शिवत नाही तिले कोणी."

तेही अर्धंच खरं. पाय लुळे पडायचे ते दुष्काळात महिनोन्महिने तीच खाणाऱ्यांचे. वहिनी तर डाळ उकळून पहिलं पाणी फेकून द्यायची.

इंजिन बसवायला मी स्वतः गेलो. नांगरट लवकर व्हावी म्हणून दादानं बांध्या आधीच फोडून पाणी काढून टाकलं होतं. तेही मीच सुचवलेलं. सकाळी वहिनी भिजलेलं बी घेऊन आली. बांधीत उतरली, तर पायाखाली टणक भेगा.

"भाऊजी, बांधी काहून सुकवली?"

मी इंजिनाचा पट्टा लावत राहिलो. दादाच म्हणाला, "उन्हाळी धान लावून राहिलो ना आता."

"मंग हे भिजलेलं बी काय करू? तुमच्या इंजिनाले चारू?"

दादा हसला. "अवं, मूठभर लाखोळीसाठी एवढं? तुह्या मायले पोतंभर धान देतो."

"माय घेईन का?"

दादा विहिरीकडे वळला. त्या रात्री आम्ही त्या बियांची उसळ खाल्ली.

उन्हाळी धान भरघोस आलं. इंजिनाची धडधड ऐकायला गावातली माणसं विहिरीवर यायची, दादा त्यांना माझ्या अकलेचं कौतुक सांगायचा. कबूल केल्याप्रमाणे त्यानं सासूकडे बैलबंडीतून पोतं पाठवलं. पोतं परत आलं. निरोप एवढाच की, जावईबापूंना सांगा, माझं भागतं.

भागत नव्हतं. त्या वयात त्या दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागल्या होत्या. वहिनीनंच हे सांगितलं, मला, भांडी घासताना, मान वर न करता.

मग मी दादाला विनवलं. दुसऱ्या वर्षी त्यानं खालची एक बांधी लाखोळीसाठी सोडली. कुरकुरला, पण सोडली. लाखोळी उगवली, हातभर झाली. तोवर वरच्या बांध्यांत उन्हाळी धानाचं पाणी तुंबवलेलं, ते मधल्या धुऱ्याच्या बांधाखालून झिरपत राहिलं. धानाला हवं तेच पाणी लाखोळीला मारक. फुलं धरायच्या आत पानं पिवळी पडली. मी धुऱ्यावर माती ओढत होतो, ओल दुसरीकडून येत होती.

वहिनीनं एक रोप उपटून माझ्यापुढं धरलं. मूळ काळं पडलं होतं.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "आता तुमच्यानं नाही व्हायचं ते."

त्यानंतर ती माहेरी जाताना पिशवी न्यायची नाही.

दादानं मात्र सासूकडे धान पाठवणं सोडलं नाही. दरवर्षी पोतं जायचं, दरवर्षी परत यायचं. परत आलेलं धान घरात ठेवायचं त्याला नको वाटे. मग तो ते कांडून एसटीच्या टपावर टाकून माझ्याकडे पाठवून द्यायचा. प्रताप नगरात आम्ही तोच भात खाल्ला. बायको म्हणायची, तांदूळ सुरेख आहे. सुरेखच होता. मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो.